नेमाप्पा कासाराची गवाही

नेमाप्पा कासार बांगडी भरताना बाईच्या हाताकडे कधी बघत नसे. अंगठ्यानं तिचा पंजा दाबून काच सरकवायचा आणि नजर समोरच्या बाभळीत. बाई कण्हली तर म्हणायचा, "झालं माय, झालं," आणि त्याच दमात, "शिंपी पाखरू हाय बघा. शेपूट कशी उभी केली." बाई तिकडं बघेपर्यंत बांगडी गेलेली असायची. त्याच्या हातून कुणाच्या मनगटाला काच लागल्याचं मी ऐकलं नाही.

मी त्याची स्तुती करायला बसलेलो नाही, हे आधीच सांगतो. त्या माणसानं माझं नुकसान केलं, माझ्या वाडीचं केलं आणि कळून केलं. पण आता मुखेडच्या बाजारात चार म्हातारी माणसं बसली की त्याचं नाव निघतं आणि चुकीचं निघतं. कुणी त्याला साधू करतो, कुणी सरकारचा खबऱ्या. तो दोन्ही नव्हता. आमच्या घरांची भिंत एक होती. त्याचा खोकलासुद्धा मला ओळखू यायचा.

मी पोती वाहून वर आलेला माणूस. आधी पोतं उचललं, मग पोत्यातलं धान्य ओळखायला शिकलो, मग विकत घ्यायला. मुठीत ज्वारी घेतली की काळ्या रानातली का बरड रानातली हे मी डोळे मिटून सांगायचो. सौद्याला बसलो की समोरचा घामाघूम व्हायचा. डोकं तापलं तर तराजूसुद्धा फेकलेला आहे. आणि शेजारी हा नेमाप्पा. बांगड्यांचा दर एकदा सांगायचा आणि गप्प बसायचा. माझ्या बहिणीच्या, सुभद्राच्या लग्नात मी त्याच्याशी चुड्यावरून अर्धा दिवस घासाघीस केली. म्हणजे मीच केली. तो ओट्यावर बसून छपराच्या वळचणीला बघत होता. शेवटी म्हणाला, "शेट, तुमचं झालं असंल तर पोरीला बलवा. ऊन चढलं की हात सुजतेत." दर त्याचाच राहिला. बाजारात मी कुणापुढं हरलो नव्हतो. त्या दिवशी हरलो, आणि समोरचा खेळतच नव्हता.

त्याच्या परसात एक दगडी खांब होता. त्यावर फुटकी कढई, एक खापर आणि एक करवंटी मांडलेली. कढईत ज्वारीची कणी, खापरात राळा, करवंटीत पाणी. तांबडं फुटायच्या वेळी हा बाजेवर येऊन बसायचा आणि कोण कुठल्या भांड्यावर बसतं ते बघायचा. त्याची बायको चंद्राबाई भिंतीवरून आमच्या घरात ऐकू जाईल असं म्हणायची, "दुसऱ्याच्या घरी पाव्हणा आला तर इचारतेत, कोण गाव? आमच्याकडं इचारतेत, चोच कशी हाय?"

चोच हा त्याचा वेद होता. मला म्हणायचा, "रंगावर जाऊ नका शेट. रंग उन्हानं फसवतो, पिसं गळली की बदलतो. नर येगळा, मादी येगळी. चोच फसवत न्हाई. चोच म्हंजे अवजार. सोनाराकडं चिमटा असतो, लोहाराकडं सांडस. चिमट्यानं कुणी घोड्याचा नाल काढत न्हाई." जाड, आखूड चोचीचा तो दाणा फोडणारा. बारीक, सुईसारख्या चोचीचा तो किडा टिपणारा. मुनिया, सुगरण, भारीट एका पंगतीला. परीट, चिरक, वटवट्या दुसरीला. जैन कासार होता, दिवस मावळायच्या आत जेवायचा, पाणी गाळून प्यायचा. मुंगी चिरडली तर त्याचं तोंड उतरायचं. पण किडे खाणाऱ्या पाखरांबद्दल त्याची तक्रार नव्हती. "ते त्यांचं हाय," म्हणायचा.

मुखेडहून आमच्या सावळवाडीला जायचं तर बालाघाटाची एक धार ओलांडावी लागते. माझी थोडी जमीन तिथं, सुभद्राचं सासर तिथंच. नेमाप्पा पंधरवड्याला त्या वाटेनं जायचा, खांद्यावर मलार, म्हणजे दोरीत ओवलेल्या बांगड्यांचे घोस. एकदा मी बरोबर होतो. धारेवरच्या धावड्याच्या झाडात दोन हिरवट पाखरं हलत होती, अंगठ्याएवढी. मी म्हणालो, "एकाच जातीची हायेत."

"न्हाई."

"माझे डोळे फुटले न्हाईत."

"डोळ्याचं काम न्हाई हे. थांबा जरा." थांबलो. एक पाखरू दगडावर दगड आपटावा तसं टक् म्हणालं. थोड्या वेळानं दुसरं बोललं, आवाज शेवटाला वर नेऊन, काही विचारल्यासारखं. नेमाप्पा म्हणाला, "दोन येगळी घरं हायेत. दिवाळीला लई लांबून येतेत, होळी झाली की जातेत."

"आणि हे कळून फायदा काय?"

"तुमाला दोन ज्वारीतला फरक कळतो तसंच."

"त्यावर माझं पोट चालतं."

तो हसला. "मंग तुमचं बरं हाय शेट. माझं फुकट हाय."



त्याची ही विद्या साहेबापर्यंत पोचली ती साहेबाच्या बेगमेमुळं. धान्याची लेव्ही वसूल करणारे साहेब डाक बंगल्यात उतरले होते, बरोबर घरचे. बेगमसाहेबांना बांगड्या भरायला नेमाप्पाला बोलावलं. मधे पडदा. पडद्यातून फक्त हात बाहेर. तिथं पिंजऱ्यात एक पाखरू होतं, लाल भडक, कुणा पाखरं विकणाऱ्यानं भारी नजराणा म्हणून दिलेलं. पडद्याआडून बाईंनी विचारलं, "कासार, ये गाता क्यों नहीं?" नेमाप्पानं हात न सोडता पिंजऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "रंगवलेलं हाय, मासाहेब. साधी मुनिया हाय. परातीत पाणी ठेवा, आंघोळ करू द्या." पाखरानं आंघोळ केली. पाणी लाल झालं, पाखरू तपकिरी.

दुसऱ्या दिवशी विकणाऱ्याला चपराश्यांनी झाडाला बांधून मारलं. नेमाप्पानं ते पाहिलं. घरी येऊन दोन दिवस जेवला नाही. भिंतीवरून मी विचारलं तर म्हणाला, "म्या फकस्त नाव सांगितलं हो."

"मग नाव सांगायचं न्हाई."

"इचारलं हुतं ना त्यांनी."

मला वाटलं होतं, यातून तो शिकेल.

पुढच्या माघात वाडीची ज्वारी हुरड्यातून दाण्यावर आली आणि भारीट उतरले. पिवळ्या पोटाची, चिमणीहून जरा मोठी पाखरं. ढग यावा तशी आली. बाया गोफणी घेऊन माळ्यावर उभ्या राहून राहून घसा बसवून घेत. कणसावर पाखरू बसायचं, दाणा फोडायचं, टरफल तसंच ठेवायचं. लांबून कणीस भरलेलं दिसतं, हातात घेतलं की भुसा. आठ दिवसांत निम्मं शिवार गेलं आणि थवा उठून धारेपलीकडच्या शिवारात गेला.

लेव्ही मात्र पेऱ्यावर ठरायची. इतकं रान, इतकी पोती, टाका. पाखरांनी खाल्लं असेल तर सूट मिळे, पण त्याला पुरावा लागे. कारण काही गावांनी कणसं झोडून धान्य पेवात घातलं होतं आणि नाव पाखरांचं सांगितलं होतं. पुरावा म्हणजे माळ. आमच्याकडं मारलेली पाखरं दोरीत ओवून माळ्याच्या खांबाला टांगायची जुनी रीत, बाकीच्यांना दहशत बसावी म्हणून. साहेब लोक ती माळ बघायचे आणि सूट लिहायचे.

वाडीनं बोलणी करायला मला पुढं केलं. दुसरं कोण होतं? आणि माझ्या लक्षात आलं, माळच नाही. गोफणीनं पडलेले भारीट कुत्र्यांनी आणि मांजरांनी केव्हाच नेले होते. साहेब चार दिवसांवर. मी गड्यांना ओढ्याकडं पाठवलं. तिथं गुरांच्या पायात पिवळी पाखरं फिरतात, शेपूट हलवत. जाळं टाकून त्यांनी पंचवीसतीस आणली. एकानं विचारलं, "मालक, हीच का?" मी म्हणालो, "पिवळी हायेत न्हवं? मंग बांधा."

दोन दिवसांनी नेमाप्पा फेरीला आला. त्यानं माळ पाहिली. मलार खाली ठेवला आणि सरळ माझ्याकडं आला.

"शेट, ती उतरवा. ते परीट हायेत. ते दाणा खात न्हाईत."

"साहेबाला काय कळतंय?"

"साहेब मला बलवणार हायेत. काल चपराशी सांगून गेला."

"मग तू भारीट म्हण. एक शब्द."

"त्येवढं सोडून सांगा. पलीकडच्या शिवारात भारीट हायेत अजून. मी साहेबास्नी तिथं घेऊन जातो. बसल्या कणसावर दाखवतो. इथली रिकामी कणसं आणि तिथली, दोन्ही सारखी फोडलेली. पटंल त्यांना."

पलीकडचं शिवार ज्याचं होतं त्याच्याशी माझा जमिनीवरून दावा चालू होता. त्याच्या रानात साहेबाला घेऊन जायचं, त्याच्या ओट्यावर बसायचं, त्याला हात जोडायचे? मी नाही म्हणालो. नेमाप्पाला म्हणालो, "सौदा माझा हाय. तू बांगड्या भर."

हे मी आज लिहितो आहे, कारण लोक सांगताना एवढा भाग गाळतात. त्यानं वाट दाखवली होती. मी घेतली नाही. पण ती वेळ अशी होती की वाडीच्या पोटाचा प्रश्न आणि एक शब्द, यात शब्द मोठा धरणारा माणूस मला अजूनही समजत नाही.

साहेब आले. खुर्ची माळ्याखाली टाकली. सगळी वाडी भोवती उभी. सुभद्रा कडेवर धाकटी लेक घेऊन बायांत होती. साहेबांनी माळ खाली उतरवून घेतली आणि नेमाप्पाला पुढं बोलावलं.

"कासार, सच बोलना. ये कौनसी चिडिया है?"

नेमाप्पानं माळेला हात लावला नाही. "परीट हाय सरकार."

"दाना खाती?"

"न्हाई सरकार. किडे, माश्या."

मी ओरडलो, "ह्याला काय कळतंय! बांगड्या इकणारा माणूस!"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. नेमाप्पाला म्हणाले, "सबूत?"

"मी कापणार न्हाई. आपल्याला कापायचं तर कापा. आत माशीचे पंख निघतील, भुंग्याचे पाय निघतील. ज्वारीचा एक दाणा निघाला तर माझी जीभ कापा."

चपराश्यानं चाकू काढला. नेमाप्पानं डोळे मिटले. एकामागं एक सहा पाखरं फाडली. पंख निघाले, पाय निघाले. दाणा निघाला नाही.

मग नेमाप्पा घाईघाईनं बोलायला लागला, कधी बोलत नसे तसा. "पण सरकार, भारीट आले हुते. म्या सोताच्या कानानं ऐकले. ह्या रानातला दाणा त्यांनीच खाल्ला. कणीस बघा, टरफल बघा. धारेपलीकडं चला, मी दाखवतो..."

"खामोश. जितना पूछा उतना बोलो." साहेब उठले. "माला झूठी, तो सब झूठ. किसने बांधी?"

साहेबांनी सगळ्या वाडीवरून नजर फिरवली. मग नेमाप्पालाच विचारलं, "तुम बोलो. किसने बांधी?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. "ठावं न्हाई सरकार."

त्या दिवशी तो एकदाच खोटं बोलला आणि ते माझ्यासाठी. माझ्या पाठीवरचे फटके त्यानं वाचवले. ह्याचा राग मला बाकीच्यापेक्षा जास्त आहे. खोटं बोलता येत होतं ना त्याला? मग दोन वाक्यं आधी का नाही आलं?

सूट मिळाली नाही. उलट झडती झाली. उतरंडीतलं, पेवातलं, बियाण्याचं, सगळं मोजून गेलं. चैत्रात वाडी चिंचोके उकडून खात होती, वैशाखात उंबरं. मी मुखेडहून जमेल तेवढं पाठवलं, पण एका गावातून दुसऱ्या गावात धान्य न्यायलाही तेव्हा परवाना लागायचा. वैशाखातच हगवण सुरू झाली. दोन म्हातारी माणसं गेली. मग सुभद्राची धाकटी गेली. मी पोचलो तेव्हा तिला नुकतंच पुरून आले होते. सुभद्रा माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "दादा, लई हलकी झाली हुती रे."

त्याच दिवशी मी वाडीच्या बायांना सांगितलं, ह्या कासाराच्या हातून बांगडी भरायची नाही. आजूबाजूच्या चार वाड्यांतही निरोप गेला. माझा शब्द होता आणि रागही ताजा होता. कुणी मोडला नाही.

सवाशिणीच्या हाताला बांगडी नाही हे चालत नाही. बांगडी फुटली असंसुद्धा म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. ज्यांच्या वाढल्या त्यांनी हळदीत भिजवलेला दोरा मनगटाला बांधला. हळूहळू चारी वाड्यांत दोरेच दिसायला लागले. दुसरा कासार धर्माबादेकडून येईल म्हणत होते, तो काही येत नव्हता. नेमाप्पा मात्र दर पंधरवड्याला मलार घेऊन जायचा, ओट्यावर बसायचा, आणि तसाच भरलेला मलार घेऊन यायचा. भिंतीपलीकडं चूल एकदाच पेटायला लागली. खांबावरच्या कढईत कणी दिसेना, नुसतं पाणी. चंद्राबाईचा आवाज बंद झाला होता. ती अंथरुणाला लागल्याचं मला उशिरा कळलं.

श्रावणात तो माझ्या दुकानात आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माझ्यासमोर सौद्याला बसला. अंगरखा खांद्यावर लोंबत होता.

"शेट, तुमी एक शब्द सांगितला तर बाया हात पुढं करतील."

"सांगतो. वाडीसमोर उभा राहा आणि म्हण, माझी चूक झाली, ते भारीटच हुते."

त्यानं लोंबता अंगरखा खांद्यावर सारखा केला. मग म्हणाला, "मी म्हणतो, मी तिथं जायला नको हुतं. म्हणतो, साहेब इचारायच्या आधी पळून जायला हवं हुतं. तुमच्या भाचीच्या नावानं पाया पडतो सगळ्यांच्या. येवढं घ्या."

"पाखराचं नाव."

"त्येवढं सोडा शेट."

"त्याच्याशिवाय सौदा न्हाई."

"ते पाखरू मेलेलं हाय हो. त्याच्या नावानं आता कुणाला काय मिळणार हाय?"

"मग म्हणायला तुझं काय जातंय?"

त्यानं मान हलवली. हो का नाही, ते कळलं नाही. "मंग ऱ्हाऊ द्या," म्हणाला आणि उठताना दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. मी त्याला पाणी विचारलं नाही. चंद्राबाई त्या महिन्यातच गेली. खांदा द्यायला मी गेलो, शेजारधर्म म्हणून. तोही माझ्याशी शेजाऱ्यासारखाच वागला.

शेवटचा मला तो दिसला तो पोळा झाल्यावर. त्यानंतर मुखेडला भिंतीपलीकडं त्याचा खोकला कधी ऐकू आला नाही. मी वाडीला सुभद्राच्या घरी होतो. दुपारची वेळ. नेमाप्पा धारेवरून उतरून आला आणि वेशीजवळच्या पारावर मलार सोडून बसला. नेहमीसारखी हाक दिली, "बांगड्या घ्या माय." आवाज चिरका होता. दारादारांत बाया उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या मनगटांना पिवळे दोरे. कुणी उंबरा ओलांडला नाही. त्यानं घोस सोडले, हिरव्या बांगड्या हिरव्यांत, राजवर्खी राजवर्खींत लावल्या, आणि मांडून बसला.

मग सुभद्रा घरातून निघाली. मला न विचारता, माझ्याकडं न बघता. पदर सावरून पारापर्यंत गेली, खाली बसली आणि हात पुढं केला. जिची लेक गेली होती तिनं हात पुढं केला. दोरा तिनं स्वतःच दातानं तोडला.

नेमाप्पानं तिचा हात हातात घेतला. हिरवी बांगडी उचलली. तेवढ्यात त्यानं मला दारात पाहिलं.

एक शब्द पुरे होता. तोसुद्धा नको, मी नुसता आत गेलो असतो तरी चाललं असतं. मी चौकटीत उभा राहिलो. डोकं तापलं होतं. माझ्याच बहिणीनं सगळ्या गावादेखत माझा शब्द मोडला होता आणि मी तिला काय बोलणार आहे, कसं बोलणार आहे, ते मी मनात जुळवत होतो. ते माझ्या तोंडावर दिसलं असणार.

त्यानं बांगडी खाली ठेवली. "ताई, आत जा," म्हणाला. "भाऊ बघून ऱ्हायलाय."

"बघू दे, मामा. भरा तुमी."

"न्हाई माय. मी जाईन निघून. तुला ह्याच वाडीत ऱ्हायचं हाय." आणि पडलेला दोरा उचलून त्यानं तिच्या मनगटाला परत बांधला, गाठ मारली, गाठ ओढून बघितली. मग घोस दोरीत ओवले. त्याला वेळ लागला. मलार खांद्यावर घेऊन तो धार चढायला लागला. वळणावर काचेचा आवाज थोडा वेळ ऐकू आला.

सुभद्रा पारावर तशीच बसून होती. मी तिला हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही.